रुळाशेजारचं कौलारू घर: किटचं खोकं उघडण्यापासून पागोळ्यांच्या चरापर्यंत

मॉडेल रेल्वेचा रूळ प्लायवूडवर बसवला आणि गाडी पहिल्यांदा फिरली, की दोन-चार दिवस दुसरं काही सुचत नाही. मग लक्षात येतं की गाडी नुसती फिरतेय, कुठल्या गावातून जातेय ते कळत नाही. रुळाशेजारी एक घर बसलं की गाव दिसायला लागतं. म्हणून कोणी नवीन माणूस मला विचारतो, "आता पुढे काय घेऊ?", तेव्हा मी दुसरं इंजिन सुचवत नाही. घराचं किट, म्हणजे सुटे भाग जोडून करायचं घर, घ्या असं सांगतो.

माझा लेआउट, म्हणजे प्लायवूडवर मांडलेला सगळा देखावा, कोकण रेल्वेवरच्या कुडाळ आणि झाराप यांच्यामधल्या एका कल्पित थांब्याचा आहे. त्यावरचं पहिलं घर परदेशी किटचं होतं. खोक्यावरच्या चित्राबरहुकूम जोडलं, रंगवलं आणि मांडलं. माझी काकी आली, चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "झिला, ह्येची पागोळी खंय पडतली?" छपराचा काठ भिंतीच्या जेमतेम बाहेर आला होता. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या मुलखात असं घर कोणी बांधणार नाही, कारण पहिल्या मृगातच भिंतीवरून पाणी ओघळायला लागेल. त्या दिवसापासून मी प्रत्येक घर जोडताना तिचाच प्रश्न विचारतो: पाणी कुठून येतं, कुठे पडतं आणि जाताना काय मागे ठेवतं? छपराचा काठ, भिंतीचा रंग, शेवाळाची जागा, अंगणाचा उतार या सगळ्यांची उत्तरं त्यात मिळतात.

आधी माप

आपल्याकडे सहज मिळणाऱ्या गाड्या आणि किट बहुतेक एचओ मापाच्या असतात, म्हणजे १:८७. हिशेब सोपा आहे: खऱ्या घराचा एक फूट म्हणजे मॉडेलचे साडेतीन मिलिमीटर. सहा फुटांचं दार २१ मिमी, तीस फूट लांबीचं घर १०५ मिमी, साडेपाच फूट उंचीचा माणूस १९ मिमीच्या आसपास. ओओ मापात (१:७६) एक फूट म्हणजे चार मिलिमीटर, आणि एन मापात (१:१६०) जेमतेम दोन. पहिल्या घरासाठी एचओ घ्या. एनमधल्या खिडकीच्या गजांसाठी हात बसलेला लागतो.

रुळाबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. एचओचा रूळ १६.५ मिमी रुंद असतो. ती रुंदी परदेशातल्या १४३५ मिमीच्या रुळांची आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, म्हणजे १:८७ मध्ये सव्वाएकोणीस मिमी भरला असता. घर मापात अगदी बरोबर केलं तर त्याच्यापुढे रूळ किंचित अरुंद वाटतात. हे चालवून घ्यावं लागतं. घराचं माप मात्र रुळावरून काढू नका, माणसाच्या उंचीवरून काढा.

मापं घ्यायला टेप घेऊन स्वतःच्या किंवा शेजाऱ्यांच्या जुन्या घरी जा. दाराची उंची, पडवीची रुंदी, जोत्याची उंची, खिडकीचा उंबरा जमिनीपासून किती वर, छपराचा काठ भिंतीपासून किती बाहेर, असं सगळं वहीत लिहा. जुन्या घरांत छपराचा खालचा काठ किती खाली येतो ते बघून तुम्हाला नवल वाटेल. पडवीत शिरताना उंच माणसाला वाकावं लागतं.

याच वेळी काळही ठरवा. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ला सुरू झाला आणि विद्युतीकरण २०२२मध्ये पुरं झालं. लेआउट त्याआधीचा असेल तर रुळांवर विजेचे खांब नकोत आणि इंजिन डिझेलचं हवं. आजचा असेल तर कौलांवर पत्र्याची शेड आणि भिंतीला डिशची छत्री दोन्ही शोभतील.

कोणतं किट घ्यावं

किट तीन प्रकारची असतात. प्लास्टिकची, ज्यात भाग एका चौकटीला लटकलेले येतात. जाड छापील पुठ्ठ्याची. आणि लेझरने कापलेल्या लाकडाची किंवा एमडीएफची (लाकडाच्या भुश्याची दाबलेली पाटी). फालर, फोल्मर आणि किब्री ही प्लास्टिक किटमधली जुनी जर्मन नावं, वॉल्थर्स अमेरिकन, तर मेटकाफ पुठ्ठ्याच्या किटसाठी प्रसिद्ध. कोकणात राहणाऱ्याने पहिलं किट प्लास्टिकचं घ्यावं असं माझं मत आहे. पुठ्ठा आमच्या हवेत ओल धरतो, फुगतो, आणि दोन पावसाळ्यांत त्याला कसर लागते. पुठ्ठ्याचंच घ्यायचं असेल तर ते मार्च-एप्रिलमध्ये जोडा आणि प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनी रंगवा. एकाच बाजूला रंग दिला तर तो पापडासारखा वळतो.

कोकणी घरात रूपांतर करायचं असेल तर साधं, दुपाखी छपराचं, एकमजली, सपाट गिलाव्याच्या भिंतीचं किट शोधा. भिंतीवर विटा उठवलेल्या असतील तर ते सोडून द्या. वीट एचओमध्ये एक मिलिमीटर उंचीचीही होत नाही आणि आपला जांभ्याचा चिरा (भिंतीसाठी कापलेला तांबूस दगड) तिच्या दुपटीहून मोठा असतो, त्यामुळे रंग कितीही चांगला दिला तरी डोळा फसत नाही. धुराडं असेल तर ते बाजूला ठेवा आणि छपरातलं भोक बुजवा. आमच्या चुलीचा धूर कौलांतूनच बाहेर पडतो.

पैसे टाकण्याआधी अशी घरं प्रत्यक्ष बघायची असतील तर पुण्याला गेल्यावर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय बघून या. खोक्यावरचा फोटो आणि समोर दिवे लागलेलं घर यांतला फरक तिथे कळतो.

हत्यारं थोडीच लागतात. नवं पातं घातलेला कटर, नखं कापायचं चांगलं नेलकटर (चौकटीतून भाग सोडवायला ते उत्तम), ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर, चिमटा, छोटा गुण्या (काटकोन तपासायचा), रबर बँड, कपड्यांचे चिमटे आणि शून्य, दोन व सहा नंबरचे ब्रश. ब्रशवर मात्र पैसे वाचवू नका. टोक फुटलेल्या ब्रशने खिडकीची चौकट रंगवता येत नाही.

खोकं उघडल्यावर

लगेच काही कापू नका. कागदावरच्या आकृत्या शेवटपर्यंत वाचा आणि प्रत्येक नंबर चौकटीवर शोधा. मग सगळ्या चौकटी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा, कारण साच्यातून निघताना प्लास्टिकवर तेलकट थर राहतो आणि त्यावर रंग बसत नाही. फडक्याने पुसू नका, तसंच निथळू द्या. आमच्याकडे जुलैमध्ये याला दोन दिवसही लागतात.

भाग सोडवताना चौकटीला अगदी चिकटून कापू नका. थोडं टोक ठेवा आणि मग ते पॉलिश पेपरने घासून सपाट करा. मोठ्या भिंती सोडवल्यावर गोंद न लावता एकदा उभ्या करून बघा आणि रबर बँडने धरा. कुठे फट राहतेय, कुठे कोपरा बसत नाही, ते आत्ताच कळतं. या कोरड्या जोडणीला माझा निम्मा वेळ जातो आणि त्यातला एक मिनिटही फुकट गेला असं मला कधी वाटलं नाही.

रंग आधी, गोंद नंतर

नवी माणसं हाच क्रम उलटा करतात. घर जोडून झाल्यावर वळचणीखाली, खिडकीच्या कडेला, दाराच्या खाचेत ब्रश पोहोचत नाही. भिंती सुट्या असतानाच रंगवा. दारं-खिडक्याही चौकटीला लटकलेल्या असतानाच. फक्त जिथे गोंद लागणार आहे ती कड कोरी ठेवा. प्लास्टिक सिमेंट रंगावर धरत नाही, त्याला उघडं प्लास्टिक लागतं.

आधी राखाडी प्रायमर, म्हणजे पुढचा रंग धरून ठेवणारा पहिला थर. स्प्रेचा डबा वापरणार असाल तर दमट हवेत वापरू नका, थर पांढुरका आणि खरखरीत होतो. पावसाळ्यात मी स्प्रेला हातच लावत नाही, प्रायमर ब्रशनेच देतो. आमच्या गावच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, मी लहानपणी तासन्‌तास बसायचो. मूर्ती आतपर्यंत सुकल्याशिवाय तिथे कोणी रंगाला हात लावत नसे आणि पाऊस लागून राहिला की सगळे शांतपणे थांबत. घराच्या किटलाही तोच नियम लावा. हाताला कोरडं लागतंय एवढ्यावर पुढचा थर देऊ नका, एक रात्र जाऊ द्या.

रंग ॲक्रिलिकचे घ्या. टामिया, व्हॅलेहो यांचे मॉडेलचे रंग सुरेख बसतात, पण त्यांच्यावाचून अडत नाही. रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडीच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे कॅमलचे ॲक्रिलिकही चालतात. ते ताकाइतके पातळ करा आणि एक जाड थर देण्याऐवजी तीन पातळ थर द्या. जाड थरात भिंतीवरच्या बारीक रेषा बुजून जातात.

आणखी एक गोष्ट. भिंतींच्या आतल्या बाजूला काळा रंग द्या आणि त्यावर आतल्या खोलीचा फिका रंग. काळा थर नसेल तर आत दिवा लावल्यावर अख्खी भिंत कंदिलासारखी उजळते.

जांभ्याचा रंग

इथे जरा थांबतो, कारण कोकणी घर इथेच जमतं किंवा फसतं.

जांभा विटेसारखा लाल नसतो. अंगणात पडलेला चिरा उचलून उन्हात नीट बघा. नारिंगीकडे झुकणारा तांबूस रंग, त्यात पिवळे डाग, मधेच फिकट जांभळट किंवा पांढुरके पट्टे आणि सगळीकडे बारीक-मोठी भोकं. खाणीतून नुकता काढलेला चिरा उजळ आणि मऊ असतो. हवा लागली की टणक होतो. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टराने मलबारात हा दगड विटांसारखा कापून वापरताना बघितला आणि १८०७मध्ये छापलेल्या पुस्तकात विटेच्या लॅटिन शब्दावरूनच त्याला लॅटेराइट असं नाव दिलं. दोन पावसाळे उघड्यावर काढलेला चिरा मात्र काळपट होतो, आणि सावलीतला तर जवळजवळ काळा. एकाच भिंतीत हे सगळे रंग शेजारी शेजारी असतात.

भिंत सपाट असेल तर आधी चिरे आखा. सव्वा फूट लांब आणि सात इंच उंच असा चिरा धरला तर एचओमध्ये तो साधारण साडेचार मिमी बाय दोन मिमी होतो. पट्टी धरून, कटरच्या पात्याच्या मागच्या बाजूने आडव्या रेषा दोन-दोन मिलिमीटरवर ओढा. मग उभे सांधे, एका थराचा सांधा खालच्या थराच्या मध्यावर येईल असे. नंतर शिवणाची सुई बुचात खोचून घ्या आणि चिऱ्यांवर इथे-तिथे टोचे मारा. सगळ्यांवर सारखे नकोत. एखाद्या चिऱ्यावर दहा, शेजारच्यावर दोनच. शेवटी जुन्या कडक टूथब्रशने हलकेच घासा म्हणजे सुईने उठलेली बारीक कड जाते.

आता रंग. यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) समसमान, त्यात पांढऱ्याचा एक थेंब, हा पाया. सुकल्यावर भांडी घासायच्या स्पंजचा नखाएवढा तुकडा चिमट्यात धरा, नुसता बर्न्ट सिएना त्याला लावा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि भिंतीवर हलकेच ठिपके उमटवा. मग शून्य नंबरच्या ब्रशने साधारण सात-आठ चिऱ्यांमागे एक चिरा वेगळा रंगवा: एखादा पिवळसर, एखादा काळपट, एखादा फिकट जांभळट. त्यांची नक्षी होऊ देऊ नका. सलग दोन चिरे काळे आले तरी चालतात, खऱ्या भिंतीत तसंच असतं.

सुकल्यावर बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी) किंचित काळा मिसळून तो चहाच्या पाण्याइतका पातळ करा आणि अख्ख्या भिंतीवर सोडा. तो सांध्यांत आणि भोकांत उतरतो. वरवरचा ओलसर फडक्याने लगेच टिपून घ्या. एवढं केलं की सुईची भोकं खरी वाटायला लागतात. शेवटी फिकट ऑकर लावून, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा केलेला ब्रश फक्त चिऱ्यांच्या कडांवरून फिरवा.

गिलावा आणि चुना दिलेलं घर हवं असेल तर काम कमी आहे. पांढऱ्यात ऑकरचा थेंब घाला, कारण निव्वळ पांढरा रंग मॉडेलवर प्लास्टिकसारखा दिसतो. एका कोपऱ्यात गिलावा पडलेला दाखवून तिथे चार-पाच चिरे उघडे ठेवा.

जोडणी

प्लास्टिक सिमेंट प्लास्टिक थोडं वितळवून जोडतं. त्यामुळे ते ब्रशच्या टोकावर घेऊन सांध्याच्या आतल्या बाजूने सोडायचं, बाहेर ओघळू द्यायचं नाही. खिडकी उघडी ठेवा, जवळ समई किंवा अगरबत्ती पेटलेली नको, आणि मुलं सोबत काम करत असतील तर गोंदाचं काम मोठ्यांनीच करा. लाकडाच्या किटला फेविकॉल चालतं, प्लास्टिकला ते धरत नाही.

आधी दोन भिंतींचा एक कोपरा जोडा, गुण्या लावून बघा आणि सुकू द्या. मग उरलेल्या दोन भिंतींचा दुसरा कोपरा. दोन्ही एल आकार कडक झाले की ते एकत्र करा. चारही भिंती एकदम जोडायला गेलात तर घर तिरकं होतं आणि ते छप्पर ठेवेपर्यंत कळत नाही.

खिडक्यांच्या काचा शेवटी, आणि त्या झटपट चिकटणाऱ्या सुपर ग्लूने लावू नका. त्याची वाफ काचेवर पांढरी बसते, आणि दमट हवेत तर जास्तच. माझ्या दुसऱ्या घराच्या सगळ्या खिडक्या एका रात्रीत धुक्यासारख्या झाल्या. पुसून निघाल्या नाहीत, भिंत उकलून काचा नव्याने कापाव्या लागल्या. काचेच्या कडेला टूथपिकने फेविकॉलचा बारीक ठिपका लावा. सुकल्यावर तो पारदर्शक होतो आणि चूक झाली तर सुटतोही. तसंही जुन्या कोकणी घराच्या खिडकीला काच कमीच असायची. लाकडी गज आणि आतून दोन झडपा. खराट्याचे बारीक हीर कापून उभे लावले की गज होतात.

छप्पर

किटमधलं छप्पर फेकून देऊ नका, पण तेच बसवूही नका. त्याचा साचा म्हणून उपयोग करा. एक मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक शीटवर ते ठेवून आखा आणि वळचणीच्या दोन्ही बाजूंना दहा मिलिमीटर जास्त घेऊन कापा, म्हणजे खऱ्या मापात जवळपास तीन फूट. पाख्याच्या दोन टोकांना पाच-पाच मिलिमीटर वाढवा. पुढच्या बाजूला पडवी करायची असेल तर त्याच उताराचा, किंवा थोड्या कमी उताराचा, वीस-बावीस मिलिमीटरचा वेगळा पट्टा. पडवीचे खांब टूथपिकचे करा. दोन मिलिमीटरची टूथपिक म्हणजे खऱ्या मापात जवळजवळ सात इंचांचा खांब, अगदी हवा तसा.

वळचणीखाली वासे दिसले पाहिजेत. जळून गेलेल्या अगरबत्तीची काडी साधारण एक ते सव्वा मिलिमीटर जाड असते, म्हणजे चार इंचांचा वासा. त्या काड्या सात मिलिमीटरच्या अंतराने छपराच्या खालून फेविकॉलने लावा आणि टोकं काठाच्या किंचित आत ठेवा. गाडीच्या उंचीवरून बघणाऱ्याला छपराचा वरचा भाग कमी आणि हा खालचा भाग जास्त दिसतो, म्हणून इथे आळस नको.

कौलं दोन प्रकारची. जुनी नळ्याची, कुंभाराने केलेली, आणि मंगलोरी. मंगळुरात बासेल मिशनने १८६५मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे त्या पद्धतीची चपटी, खाचेत बसणारी कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली. नवख्याने मंगलोरीच करावीत. नळ्यांसाठी नालीदार पुठ्ठा वापरतात, पण त्याची नाली एचओला फार जाड दिसते.

मंगलोरी कौलाचा दिसणारा भाग साधारण एक फूट लांब आणि पाऊण फूट रुंद असतो. म्हणजे साडेतीन मिमी बाय अडीच मिमी. खाकी फाइलच्या कागदाच्या पाच मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टीला एका बाजूने अडीच-अडीच मिलिमीटरवर साडेतीन मिलिमीटर खोल काप द्या. मग खऱ्या घरावर शाकारतात तसंच, काठापासून सुरुवात करून आढ्याकडे एकावर एक पट्ट्या चिकटवत जा. दोन-तीन कौलांचं टोक नखाने किंचित उचला. एखादं सरकलेलं दाखवा. आढ्यावर कागदाच्या बारीक तुकड्यांची अर्धगोल ओळ. आणि स्वयंपाकघरावर एक काचेचं कौल, जाड पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्याचं. त्याखाली छपराला भोक पाडून ठेवलंत तर आतला दिवा लावल्यावर तेवढा एक चौकोन उजळतो. मला माझ्या लेआउटवरची ही सगळ्यात आवडती जागा आहे.

एका छपराला मला तीन संध्याकाळी लागतात. घाई केली तर ओळी वाकड्या जातात आणि मग दर वेळी तिकडेच लक्ष जातं.

कौलांचा रंग भिंतीपेक्षा वेगळा ठेवा. बर्न्ट सिएनात थोडा लाल आणि थोडा काळा. पाच-सहा कौलं नव्या नारिंगी रंगाची, दर वर्षी पावसाआधी बदलतात तशी. बाकी सगळं काळवंडलेलं.

पावसाचा माग

आता दिशा ठरवा. पाऊस आमच्याकडे नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. लेआउटवर समुद्र कुठल्या अंगाला आहे ते एकदा ठरवलं की पावसाच्या तोंडची भिंत तीच. तिच्यावर काळे ओघळ आणि शेवाळ जास्त, पाठीमागची भिंत बरीच स्वच्छ. नवी माणसं चारही भिंती सारख्याच मळवतात, तेवढं टाळा.

ओघळ वरून खाली, आणि ते सुरू कुठे होतात ते महत्त्वाचं: खिडकीच्या उंबऱ्याची दोन टोकं, भिंतीचा माथा, खिळा असेल तिथे. पातळ काळपट रंगाची रेघ ओढा आणि ओल्या ब्रशने खालचं टोक विरवा.

शेवाळासाठी नुसती हिरवी बाटली वापरू नका. पावसाळ्यात ते पोपटी असतं आणि मेमध्ये वाळून काळं. ऑलिव्ह हिरवा, त्यात ऑकर, टोकाला थोडा काळा. जागा: जोत्याचा वरचा काठ, कौलांच्या ओळींमधली खाच, गडग्याची (दगडी कुंपणाची) सावलीची बाजू. झाडाखालच्या कौलांवर जास्त.

आणि तांबडी शिंतोड. पागोळ्या अंगणात पडतात, लाल माती उडते आणि भिंतीच्या खालच्या दीड-दोन फुटांवर बसते. एचओमध्ये पाच ते सात मिलिमीटर. यासाठी खरा जांभाच वापरा. फुटका तुकडा घ्या, वेगळ्या ठेवलेल्या खलबत्त्यात कुटा (स्वयंपाकघरातल्या नको), वस्त्रगाळ करा आणि बाटलीत भरा. मऊ ब्रशने ही पूड भिंतीच्या पायथ्याशी खालून वर झटकत लावा, वर जाताना विरळ. वरची कड सरळ रेषेत आली तर बोटाने मोडा. विकतच्या कुठल्याही बाटलीत हा रंग मला अजून सापडलेला नाही.

सगळ्यावर मॅट वार्निशचा पातळ थर. स्प्रे असेल तर कोरड्या दिवशी दुपारी, नाहीतर ब्रशने. वार्निशखाली पूड गडद दिसते आणि थोडी नाहीशी होते, म्हणून ती आधी जराशी जास्तच लावून ठेवा.

जमिनीवर बसवणं

घर प्लायवूडवर नुसतं ठेवलं की खाली केसाएवढी फट राहते आणि ते खेळण्यासारखं दिसतं. पाच ते सात मिलिमीटर उंचीचं जोतं सनबोर्डचं (फोमच्या हलक्या पाटीचं) करा, चिऱ्यांसारखं आखून रंगवा, आणि त्याचा खालचा काठ जमिनीच्या थरात बुडू द्या. कोकणात सपाट जागा फुकट मिळत नाही. घर उतारावर खणून काढलेल्या पायरीवर असतं. म्हणून घर रुळाच्या पातळीत ठेवण्यापेक्षा थोडं वर किंवा थोडं खाली ठेवा आणि रस्त्यापासून खळ्यापर्यंत (अंगणापर्यंत) चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, द्या. भोवती गडगा, खळ्यात तुळशीवृंदावन, मागे न्हाणी आणि विहीर. माड दोनच पुरेत, पण घराच्या दुप्पट उंच हवेत. लहान माडांनी घर अवाढव्य दिसतं.

खळ्याच्या जमिनीसाठी तीच जांभ्याची पूड चाळून पसरा. फेविकॉल एक भाग, पाणी चार भाग आणि साबणाचा एक थेंब हे मिश्रण ड्रॉपरने कडेकडेने सोडा. साबणामुळे ते पुडीत मुरतं, गोळे होत नाहीत. दोन दिवस हात लावू नका. घर मात्र कायमचं चिकटवू नका, जोत्याच्या चौकटीत नुसतं बसू द्या. पावसाळ्यात ते उचलून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवता येतं, आणि प्लायवूडला खालून वाळवी लागली आहे का तेही बघता येतं.

शेवटचं काम घर जागेवर ठेवल्यावरच करता येतं. वरून बघा आणि छपराच्या काठाच्या बरोबर खाली जमिनीवर पेन्सिलने पुसट रेघ मारा. घर उचला. त्या रेघेवर बोथट सुईने एकेक खळगा पाडत जा, प्रत्येक कौलाच्या पन्हळीखाली एक. लाल पूड इथे वाहून गेलेली असते, खालची खडी उघडी पडलेली असते, म्हणून खळग्यांच्या ओळीत चिमूटभर जाड वाळू टाका आणि गोंदाच्या पाण्याने बसवा. देखावा पावसाळ्यातला असेल तर वाळूवर चकचकीत वार्निशचा एक-एक थेंब. माझ्या घराच्या पुढच्या अंगाला असे ४६ खळगे आहेत आणि मागच्या अंगालाही तेवढेच.